धूळपाटीपासून पेन टॅब्लेटपर्यंत : घोडबंदर परिसर आणि नवशिक्या चित्रकाराचे साधन

चित्रकला शिकू लागणाऱ्याच्या हाती पहिले साधन कोणते येते, हे त्याच्या आवडीपेक्षा त्याच्या परिसरात काय सहज आणि कमी खर्चात मिळते यावर बहुतेक वेळा ठरत आले आहे. घोडबंदर रोडवरील गृहसंकुलांत राहणाऱ्या मुलाला संगणकावर चित्र काढायचे असेल, तर पालकांसमोर ‘पेन टॅब्लेट’ निवडण्याचा प्रश्न उभा राहतो. पेन टॅब्लेट म्हणजे संगणकाला जोडायची अशी सपाट पाटी, की जिच्यावर विशिष्ट लेखणी फिरवली असता रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते. हा प्रश्न नव्या काळाचा वाटला, तरी ‘टॅब्लेट’ या शब्दाचा जुना अर्थ पाटी किंवा फलक असाच आहे, आणि परवडणारी पाटी कोणती याचा शोध या भूमीला नवा नाही.

माजिवडा-कापूरबावडीपासून येऊरच्या डोंगराच्या पायथ्याने निघून खाडीच्या काठाने घोडबंदरकडे जाणारा हा रस्ता ज्या बंदरावरून ओळखला जातो, तेथे घोड्यांचा व्यापार चालत असे आणि त्यावरूनच गावाला हे नाव मिळाले, असे मानले जाते. रस्त्यावरील मानपाडा, पातलीपाडा ही नावे जुन्या लहान वस्त्यांची खूण आजही जपून आहेत, कारण पाडा म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती. येऊरच्या डोंगरात वारली समाजाचे पाडे आहेत. या समाजाच्या चित्रकलेचे मुख्य क्षेत्र असलेला डहाणू-जव्हारचा भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत होता.

साधनांच्या इतिहासात वारली चित्राचे महत्त्व असे, की त्याचे सारे साहित्य चित्रकाराच्या अंगणातले असते. कारवीच्या कुडाची भिंत माती आणि शेणाने लिंपून तिच्यावर गेरूचा हात फिरवला की पृष्ठभाग तयार होतो; तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग मिळतो; आणि बांबूच्या काडीचे टोक चावून किंवा ठेचून मऊ केले की तिचीच लेखणी होते. लग्नप्रसंगी सवासिनींनी लिहायचा चौक याच काडीने भिंतीवर उतरत असे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात हीच भाषा कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोहोचवली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्या मोजक्या आकारांवर, जवळजवळ एकाच जाडीच्या रेघेने, अख्खे गाव उभे करणारी ही परंपरा साधनाच्या साधेपणाने कला अडत नाही याचा भक्कम पुरावा आहे.

अक्षरशिक्षणाच्या परंपरेतही हाच विचार दिसतो. जुन्या मराठी शाळांत लाकडी फळीवर धूळ पसरून तिच्यावर काडीने अक्षरे गिरवली जात. तिला धूळपाटी म्हणत. तिचा मोठा गुण असा, की चुकलेले हाताने पुसले की पाटी पुन्हा कोरी होई आणि चुकीची किंमत काहीच पडत नसे. पुढे दगडी पाटी आणि पेन्सिल यांनी तोच गुण टिकवला. चित्रकलेचे आधुनिक शिक्षण मात्र कागदाबरोबर आले. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. कला विद्यालय सुरू झाले, आणि पुढे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी रुळवले. दि. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या उद्योगापासून सुरू केलेल्या आणि नंतर कॅम्लिन म्हणून घरोघरी पोहोचलेल्या कंपनीने देशी बनावटीचे रंग मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आणले. तरीही कागद आणि रंग संपणारे होते, म्हणून सरावाला खर्चाची मर्यादा राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलशेत-बाळकुमच्या पट्ट्यात रसायने आणि रंगद्रव्ये तयार करणारे कारखाने होते. पुढे घोडबंदर परिसरातील अनेक औद्योगिक आणि शेतजमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. याच काळात दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणाऱ्या पेंटरांचा व्यवसाय संगणकावर जुळवलेल्या फ्लेक्स फलकांनी मागे सारला, आणि रेघ काढणाऱ्या हाताशी संगणकाचे नाते कसे जोडावे हा प्रश्न रोजीरोटीचाही झाला.

त्याचे तांत्रिक उत्तर परदेशात आधीच तयार होत होते. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेखाटता येऊ लागले. १९६४ मधील रँड टॅब्लेटमध्ये सुमारे १० इंच चौरस पृष्ठभागाखाली तारांची जाळी होती आणि तिच्यावरची दहा लाखांहून अधिक स्थाने संगणकाला ओळखता येत. पण असे यंत्र मोठ्या संशोधन संस्थांपुरतेच होते. शाळांसाठी स्वस्त साधन म्हणून कल्पिलेले ‘कोआलापॅड’ १९८३ मध्ये बाजारात आले, आणि त्याच वर्षी जपानमध्ये वाकॉम या कंपनीची स्थापना झाली. विद्युतचुंबकीय अनुनाद हे तिच्या साधनांमागचे तत्त्व आहे : पाटी सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, लेखणीतील तारेचे वेटोळे त्यातून ऊर्जा घेऊन उलट संकेत देते, आणि त्यावरून लेखणीची जागा व दाब कळतो. त्यामुळे लेखणीला वायर लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. या कंपनीने २००७ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी काढलेल्या टॅब्लेटमालिकेला ‘बांबू’ असे नाव दिले. वारली काडी ज्या परिसरात जन्मली, तेथील वाचकाला या नावाचे अगत्य वाटल्यावाचून राहणार नाही. पुढे शेन्झेन येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या हुइऑनसारख्या चिनी कंपन्यांनी बॅटरीविना लेखणी असलेल्या पाट्या कमी किमतीत आणल्या, आणि आज पडदा नसलेली साधी पाटी काही हजार रुपयांत मिळते. ‘क्रिता’सारखे चित्रकलेचे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे, त्या नावाचा स्वीडिश भाषेतील अर्थ खडू असा आहे.

या इतिहासाच्या प्रकाशात निवडीचे निकष स्पष्ट होतात. पहिला निकष पृष्ठभागाचा. सुमारे ६ बाय ४ इंचांच्या पाटीवर हात मनगटातून फिरतो, तर १० बाय ६ इंचांच्या पाटीवर तो कोपरातून मोकळा फिरू शकतो. म्हणून टेबलावर जागा असल्यास आणि किमतीतील फरक झेपणारा असल्यास मोठी पाटी घेणे हिताचे. दुसरा निकष लेखणीचा : ती बॅटरीविना चालणारी असावी आणि तिची झिजणारी टोके, म्हणजे निब, सुटी मिळावीत. दाबाच्या पातळ्या, म्हणजे हाताचा जोर किती बारकाईने मोजला जातो ते सांगणारा आकडा, जाहिरातींत ठळक असतो. परंतु नवशिक्याला २०४८ आणि ८१९२ यांतील फरक क्वचितच जाणवतो. घरी संगणक नसेल, तर पाटी मोबाइल फोनला जोडता येते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. जोडणीनंतर पाटीच्या वापरक्षेत्राचे प्रमाण पडद्याच्या लांबी-रुंदीशी जुळवावे, अन्यथा हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबगोल दिसते.

पडदा असलेल्या महागड्या पाटीचा मोह पालकांना होतो, कारण साध्या पाटीवर हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे राहते. परंतु वस्तुचित्राचा अभ्यास करणारा विद्यार्थी नजर समोरच्या घागरीवर ठेवून हात कागदावर चालवायला शिकतोच. डोळा आणि हात यांचा तोच मेळ येथे नियमित सरावाने साधतो. धूळपाटीने चूक फुकट केली होती, आणि नव्या पाटीवर एका कळीने रेघ पुसता येते तेव्हा तोच जुना गुण परत मिळतो. म्हणून पहिली पाटी साधी, पडद्याविना आणि हाताला पुरेशी मोठी असावी, आणि उरलेले पैसे व वेळ मुलाच्या सरावाकडे वळवावेत. तांदळाच्या पिठात बुडवलेल्या काडीने जे साधले, ते साध्या पाटीनेही साधेल. हात रोज चालला पाहिजे, एवढीच तिची अट आहे.