ओळख रक्ताची की घराची?

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या वळचणीला गांधीलमाश्यांचे राखाडी, कागदी घरटे लटकलेले आपण पाहतो. बाहेरून आलेल्या माशीला घरट्यावरच्या माश्या मिशांनी चाचपतात. घरची असेल तर घेतात, परकी असेल तर हुसकावतात. आपल्याला तर साऱ्या सारख्याच दिसतात. मग त्यांना ओळख पटते कशी?

अंगाच्या वासावरून! कीटकाच्या त्वचेवर मेणचट पातळ थर असतो. शरीरातले पाणी उडून जाऊ नये, हे त्याचे काम. पण त्यातल्या हायड्रोकार्बनांचे प्रमाण घरट्यागणिक थोडे वेगळे असते. तीच घराची खूण.

या ओळखीला महत्त्व आले एका जुन्या कोड्यामुळे. कामकरी माश्या स्वतः अंडी न घालता राणीची पिल्ले का वाढवतात? १९६४ साली विल्यम हॅमिल्टन यांनी याचे उत्तर नात्यात शोधले. गांधीलमाशीचा नर अफलित अंड्यातून जन्मतो. त्यामुळे सख्ख्या बहिणींचे नाते ३/४, तर आई-मुलीचे १/२ भरते. म्हणजे मुलींपेक्षा बहिणी वाढवणे फायद्याचे! मात्र राणीचा अनेक नरांशी संयोग झाला, की घरट्यात सावत्र बहिणी येतात आणि हिशेब बिघडतो. मग माश्या सख्खी-सावत्र ओळखून सख्खीला झुकते माप देत असतील का?

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि सहकाऱ्यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या जातीवर प्रयोग केले. ते १९८८ साली प्रसिद्ध झाले. काही माश्या कोषातून बाहेर पडताच एकट्या ठेवल्या. काहींना घरट्याचा तुकडा आणि सोबतिणी दिल्या. पुढे या दुसऱ्या गटाला आपले-परके कळले. एकट्या वाढलेल्यांना ते कळले नाही.

म्हणजे वासाची खूण आणि तिची जाण, दोन्ही जन्मानंतर घरातून मिळतात. चुलीच्या धुराचा वास घरातल्या सगळ्यांच्याच कपड्यांना लागतो. त्यावरून सख्खे कोण, सावत्र कोण, हे सांगता येत नाही. तसेच हे.

हॅमिल्टन यांचा नियम यामुळे खोटा ठरला नाही. पण नुसत्या ३/४ वर भागेना. १९९० साली गदगकरांनी दुसरी बाजू मांडली. एकटी माशी मध्येच मेली, तर तिची पिल्ले उपाशी मरतात. एकत्र घरट्यात तिचे अर्धे राहिलेले काम दुसरी पुरे करते. नात्याइतकेच हेही मोलाचे. वळचणीचे घरटे काठीने पाडण्याआधी विद्यार्थ्यांना ते लांबून दाखवावे, असे आम्हांला वाटते.