वरळीचा मनोरा आणि टीव्हीची वही

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास म्हटला की किल्ले, ताम्रपट आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात, आणि त्या बाबतीत आमची धाव शाळेच्या पुस्तकापुरतीच. पण मध्यंतरी मंडळाचे कपाट आवरावयास घेतले तेव्हा समया, हळदीकुंकवाच्या वाट्या आणि जमाखर्चाच्या चोपड्या यांच्या तळाशी एक लांबट वही सापडली. पुठ्ठ्यावर निळ्या शाईने लिहिलेले आहे, "टीव्हीची वही. प्रारंभ १९७३." वही उघडून बसले ती संध्याकाळचा दिवा लावायचे भान राहिले नाही. तेव्हा आपल्या वाडीचाही थोडा इतिहास आहे आणि तो आपल्याच कपाटात पडून आहे, हे ध्यानात आले. त्यातूनच हा लेख.

आपल्या देशात दूरचित्रवाणी प्रथम सुरू झाली ती दिल्लीस, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. आठवड्यातून दोनदा, तासभर, असे तिचे रूप अगदी प्रयोगाचे होते. आकाशवाणीचाच तो एक विभाग. त्या पहिल्या दिवसांत दिल्लीच्या त्या कामात आपले पु. ल. देशपांडे होते, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. रोजचे कार्यक्रम दिल्लीला १९६५ पासून सुरू झाले. मात्र दुसरे केंद्र निघावयास तेरा वर्षे जावी लागली. ते केंद्र म्हणजे आपली मुंबई. २ ऑक्टोबर १९७२ या गांधीजयंतीच्या दिवशी वरळीहून पहिले प्रक्षेपण झाले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सिंहगडावरील यंत्रणेमुळे हेच कार्यक्रम पुणेकरांनाही दिसू लागले.

आजच्या मुलींना ही गोष्ट सांगितली तर त्या हसतात, पण तेव्हा वाहिनी एकच, चित्र काळेपांढरे आणि कार्यक्रम संध्याकाळचे. घरात संच ठेवायचा तर परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. हा परवाना १९८५ मध्ये रद्द झाला. आपल्या वाडीत पहिला संच आला तो दुसऱ्या मजल्यावर. गच्चीवर आकडा उभा राहिला. त्यावर कावळा बसला की खाली चित्र हलावे आणि एखाद्या मुलाने वर धाव घ्यावी, असा रोजचा खेळ होता. मध्येच प्रक्षेपण बंद पडून "व्यत्यय" अशी पाटी आली तरी कोणी उठत नसे. त्या दिवाणखान्यात पुढे मुले, मागे बायका आणि दाराशी उभे पुरुष अशी बैठक असे. ज्यांचे घर त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही, हे येथे मुद्दाम नमूद करते.

या केंद्राचे वैशिष्ट्य असे की ते मुंबईच्या घराघरांतील भाषांतून बोले. मुलांसाठी मराठीत "किलबिल", तर गुजरातीत "संताकुकडी". शेतकऱ्यांसाठी "आमची माती, आमची माणसं" होते, आणि गंमत ही की पायाखाली मूठभर माती नसलेले आम्ही चाळकरीही तो कार्यक्रम मन लावून पाहत असू. त्यात गावाकडची बोली ऐकू येई. माहेर आठवे. नाट्यवेड्यांसाठी विनायक चासकर यांचा "गजरा" होता. साहित्यासाठी सुहासिनी मुळगावकर यांचे "प्रतिभा आणि प्रतिमा" होते. त्याच सुहासिनीबाई "सौभद्र" नाटक एकट्याने सर्व भूमिका करून सादर करीत. भावगीतांसाठी अरुण काकतकरांचे "शब्दांच्या पलीकडले", आणि ज्ञानासाठी आकाशानंदांचे "ज्ञानदीप". या "ज्ञानदीप"ची एक गोष्ट आपल्यासारख्या मंडळांनी विशेष लक्षात ठेवावी: तो कार्यक्रम पाहणाऱ्या लोकांनी गावोगावी आपली "ज्ञानदीप मंडळे" काढली. पडद्यावर पाहिलेले पुन्हा चार माणसांत बसून बोलावयाचे, त्यातून एखादे काम हाती घ्यावयाचे, अशी ती मंडळे होती.

बातम्या सांगावयास येणाऱ्या बायकांचे आम्हांला कोण कौतुक! भक्ती बर्वे, स्मिता पाटील, स्मिता तळवलकर ही नावे पुढे नाटक-सिनेमात गाजली, पण आमच्या घरात त्या प्रथम आल्या त्या छोट्या पडद्यावरून. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचावयास बसत, असे सांगतात. आम्हांला मात्र दिसे ते त्यांचे कुंकू आणि स्पष्ट, खणखणीत मराठी. पुढे विजया जोगळेकर-धुमाळे आणि याकूब सईद यांनी चिं. वि. जोश्यांचे चिमणराव पडद्यावर आणले. जोश्यांचे आयुष्य बडोद्यास गेले. ते १९६३ मध्ये वारले. आपला चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांच्या रूपाने घरोघर जाईल, हे त्यांना कोठून ठाऊक असणार? कार्यक्रम सुरू झाला की वाडीचा जिना ओस पडे.

आता वहीकडे वळते. बायकांसाठी "सुंदर माझं घर" हा कार्यक्रम असे. त्यात आणि एरवीही सणवार, खाद्यपदार्थ, गाणी, खेळ असे काही आले की ते टिपून ठेवावयाचे, अशी कल्पना त्या वेळच्या आपल्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी काढली. एकीने पाहावयाचे, दुसरीने लिहावयाचे. कारण पडद्यावरची बाई काही पुन्हा सांगत नसे. पहिल्याच पानावर अळूच्या फदफद्याची कृती आहे. चिंचेचा कोळ घालावा, असे लिहिले आहे. पण खरी मौज समासात आहे. तेथे वेगळ्या अक्षरात लिहिले आहे, "चिंच नको. आमसूल. फणसाच्या आठळ्या." ही अर्थात रत्नागिरीकडची बाई. त्याखाली तिसरे अक्षर: "आमच्याकडे आंबटचुका घालतात. त्याशिवाय अळू होत नाही." पुढे वांग्याच्या भरताचे पान आहे. तेथे जळगावकडच्या आपल्या एका सभासदांनी पडद्यावरच्या कृतीवर सरळ काट मारली आहे आणि खाली लिहिले आहे की वांगी काटक्यांवर भाजावी, हिरवी मिरची ठेचून घालावी, कांद्याची पात आणि शेंगदाणे विसरू नये, आणि दह्याचे नाव काढू नये.

मला वाटते, त्या काळच्या मुंबई केंद्राचे मोठेपण या समासांत आहे. पडद्यावरची बाई आपल्यासारखीच होती. ती आपल्याच भाषेत, आपल्याच भाज्यांविषयी बोले. म्हणून तिचे म्हणणे खोडून काढावयाची हिंमत झाली, आणि खोडता खोडता प्रत्येकीला आपल्या आईची रीत आठवली. एरवी "आमच्याकडे असे करतात" हे वाक्य चुलीपाशी जन्मते आणि चुलीपाशीच विरते. या वहीत ते शाईने उतरले.

गाण्यांचेही तसेच. एका आश्विनात भोंडल्याचा कार्यक्रम पाहून झाल्यावर मंडळात वाद झाला. साताऱ्याकडच्या म्हणाल्या, आमच्याकडे याला हादगा म्हणतात. नागपूरच्या म्हणाल्या, आमची भुलाबाई. आणि ती तर भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसते. खानदेशची म्हणाली, आमची गुलाबाई. हस्त नक्षत्रातला पाटावरचा हत्ती एकीकडे, तर शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती दुसरीकडे. खिरापत ओळखण्याची गंमत मात्र सगळीकडे सारखी. त्या वादातून वहीत अकरा गाणी उतरली. बाराव्या गाण्याच्या चार ओळी आहेत आणि खाली लिहिले आहे, "आजी दमल्या. उरलेले पुढच्या वेळी." त्यापुढचे पान कोरे आहे. त्या आजी त्याच हिवाळ्यात गेल्या. ते गाणे पुरे येणारी बाई त्यानंतर मला आजवर भेटलेली नाही.

वहीचा दोषही सांगितला पाहिजे. तिच्यात मासळीची कृती अवघी एक. मासळीची पाटी घेऊन रोज वाडीत येणारी कोळीण आमच्या जिन्यात बसून सुखदुःखाच्या गोष्टी सांगे. पण तिचे कालवण कसे होते, लग्नात त्यांच्याकडे कोणती गाणी म्हणतात, हे वहीसाठी तिला आम्ही कधी विचारले नाही. आपली संस्कृती म्हणजे आपल्या जिन्यापुरती, अशी आमची समजूत होती. हा दोष पडद्याचा नव्हे, आमचा.

पुढे काळ पालटला. १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि त्याच वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत चित्र आले आणि त्याबरोबरच दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. उपग्रहाच्या साह्याने सर्व देशाने रात्री एकच कार्यक्रम पाहावयाचा, ही योजना मोठी होती आणि तिच्यामागे देश जोडण्याचा हेतूही होता. १९८४ मध्ये "हम लोग" सुरू झाले तेव्हा आम्हीही ते आवडीने पाहिले. पण रात्रीची भर वेळ दिल्लीकडे गेली आणि मराठी कार्यक्रमांना संध्याकाळचा आधीचा वेळ उरला. त्या वेळी आमच्या हातात पोळपाट असे! वहीतील शेवटची नोंद १९८४ च्या श्रावणातली आहे. कोणी ठरवून ती बंद केली नाही. पाहणारी एकीकडे आणि लिहिणारी दुसरीकडे झाली, एवढेच. तोवर घरोघर संच आले होते. दुसऱ्या मजल्यावरची बैठक मोडली होती.

मराठीची दारे पुढे पुन्हा उघडली. १९९४ मध्ये उपग्रहावरून मराठीसाठी स्वतंत्र वाहिनी सुरू झाली आणि २००० मध्ये तिला "सह्याद्री" हे सुरेख नाव मिळाले. दरम्यान १९९९ मध्ये "अल्फा मराठी" ही खाजगी वाहिनीही आली होती. "सह्याद्री"वर "सखी सह्याद्री"सारखे बायकांचे कार्यक्रम झाले, लावणी झाली, कीर्तन झाले. पदार्थ दाखविणारे कार्यक्रम तर आता इतके आहेत की लिहून घेण्याची गरज वाटत नाही. हवे तेव्हा दूरध्वनीवर पुन्हा पाहता येते.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. त्या पहिल्या वर्षांत चित्रफीत महाग होती. एकदा दाखविलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करावयाचा, अशी रीत होती. त्यामुळे त्या काळचे कितीतरी गायन, कितीतरी मुलाखती आज पाहावयास मिळत नाहीत. जे उरले त्यातील काही दूरदर्शनने पुढे जतन करून लोकांपुढे आणले, हे चांगलेच झाले. पण वहीतील पहिल्या पानावर जिची कृती आहे ती बाई कोण, तिचा आवाज कसा होता, हे आज सांगता येत नाही. तिने चिंच घातली होती, एवढे मात्र आपल्याला ठाऊक आहे. कारण आपल्यापैकी एकीने ते लिहून ठेवले.

म्हणून भगिनींनो, या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. ही वही पुन्हा सुरू करावी. कोरी पाने बरीच शिल्लक आहेत. महिन्यातून एकदा जमल्यावर दोघींनी बोलावे आणि एकीने लिहावे. वाडीत आता बिहारकडच्या, तेलंगणाकडच्या, कोकणी मुसलमानांच्या घरच्या मुलीही राहावयास आल्या आहेत. त्यांनाही विचारावे, आणि समास मोठा सोडावा. बाराव्या गाण्याच्या पुढचे पान मात्र तसेच ठेवावे. कोणाच्या माहेरी, कोणाच्या आतेकडे, कोणाच्या सासूबाईंच्या आठवणीत ते गाणे पुरे असेल तर कृपा करून मंडळात यावे. आपण आल्यावर चहा टाकला जाईल आणि लेखणी तयार असेल.