शिकार-सुरक्षा (अमेरिका)

बंदुकीने शिकार करताना होणारे अपघात टाळण्यासाठी अमेरिकेत रूढ झालेले नियम व प्रशिक्षण. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये तरुण शिकाऱ्यांना परवान्याआधी हे शिक्षण सक्तीचे केले. बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा (पिटमन-रॉबर्टसन कायदा, १९३७) १९७० च्या दुरुस्तीनंतर या कामीही मिळू लागला.

मूळ नियम थोडे आहेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, नळी माणसाकडे वळवू नये, नेम धरेपर्यंत चापाला बोट लावू नये, लक्ष्य आणि त्यापलीकडचे ओळखूनच बार काढावा. सुरक्षा खटक्यावर विसंबणे धोक्याचे. तो यांत्रिक भाग आहे, बिघडू शकतो.

खरी कसोटी लागते ती पक्षी उडाल्यावर. रांगेने चालणाऱ्या प्रत्येक शिकाऱ्याला बार काढायला समोरचा ठरावीक पट्टाच मोकळा असतो; पक्ष्यामागे नळी फिरवत त्याबाहेर गेले की सोबती टप्प्यात येतो. फेब्रुवारी २००६ मध्ये टेक्सासात तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या बंदुकीचे छर्रे त्यांचे शिकारीतील सोबती हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यावर, मानेत व छातीत घुसले, ते असेच वळून झाडलेल्या बारामुळे. अनुभव आणि हुद्दा इथे उपयोगी पडत नाहीत.

काडतुसांची सरमिसळही घातक. २० गेजचे (कमी व्यासाचे) काडतूस १२ गेजच्या रुंद नळीत पुढे सरकून अडकते आणि मागून दुसरे झाडल्यास नळी फुटते. म्हणून २० गेजची काडतुसे पिवळी असतात. अनेक राज्यांत ठरावीक हंगामात भडक नारिंगी पोशाख बंधनकारक आहे. माणसाला तो लगेच दिसतो, हरणाला मात्र नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही. कुंपण ओलांडताना किंवा मचाणावर चढताना बंदूक रिकामी करतात. मचाणावर ती नंतर दोरीने वर ओढून घेतात.