विश्वामित्रीची जागा

बडोद्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा गायकवाडांपासून आरंभ करतो. वाचकहो, या वेळी तो नदीपासून करून पाहू.

पावागडच्या डोंगरात उगम पावलेली विश्वामित्री बडोद्यातून वाहत पुढे ढाढरला मिळते आणि तिचे पाणी खंभातच्या आखातात जाते. तिच्या पश्चिम काठावरचे अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, हे येथले प्राचीन नगर. इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात त्याच्याजवळच्या वडपद्रक या गावाचा उल्लेख येतो. पुढे गावाचे शहर झाले आणि जुने नगर त्याचे एक उपनगर होऊन राहिले. वस्ती पूर्वेकडे सरकली ती पुरांमुळे, असे सांगितले जाते. तसे असेल, तर आपले शहर वसले तेच नदीला वाट करून देऊन.

सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ मध्ये, काठावर सयाजीबाग उभी राहिली. शहराला पिण्याचे पाणी आले ते दूर अजव्याच्या सरोवरातून. बाग पुरात बुडाली तरी पाणी ओसरल्यावर सावरते. घराचे तसे नसते. हा भेद पुढच्या पिढ्या विसरल्या. काठची कोतरे आणि सखल जमिनी भराव घालून बुजवल्या गेल्या, तेथे इमारती आल्या, आणि पात्रात सांडपाणी सोडले गेले.

नदीची वळणे आणि कोतरे पुराचे पाणी थोपवून धरतात व त्याचा वेग मोडतात. त्याच मातीच्या काठात मगरी बिळे करतात आणि उन्हाळ्यात अंडी घालतात. काठाला सिमेंटची भिंत बांधली की दोन्ही गोष्टी एकदमच संपतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी घराघरांत शिरले, मगरी रस्त्यांवर आल्या. मगरी शहरात शिरल्या, असे आपण म्हणालो. खरे पाहता शहरच आधी त्यांच्या घरात शिरले होते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये नदीचे क्षेत्र आखून अतिक्रमणे रोखण्याचे आदेश दिले. पण आखणी करायची तर जुनी हद्द ठाऊक हवी. कोणते कोतर कोठे होते, कोणते तळे कधी बुजले, याचा पुरावा एखाद्या खरेदीखतात, नकाशात किंवा काठावर काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रात असू शकतो. असे कागद आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावरच्या पेट्यांत असतील. वाळवी लागण्यापूर्वी ते बाहेर काढावेत, एवढीच विनंती.