नागपाड्याचं शेजारघर

आमची शाळा पाचला सुटते. मगरिबच्या अजानला तास-दीड तास असतो. तेवढ्या वेळात मुलं कुठे असतात हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे : गल्लीच्या तोंडाशी, एका मोबाइलभोवती दहा डोकी.

गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी शाळेनंतरचा वर्ग आणि मे महिन्यात दहा दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. शेजारच्या एका संस्थेने जागा देऊ केली. संस्था आपल्या समाजाची नव्हती. बैठकीत एका बुजुर्गांनी विचारलं, "सर, जागा फुकट देताहेत, बदल्यात काय मागतील?"

काहींना हा प्रश्न मागासलेला वाटला. मला तो रास्त वाटला, कारण नागपाड्यातल्या लोकांनाही शंभर वर्षांपूर्वी तो पडला असणार.

1925 साली क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा शिकागोत शिकलेला पाद्री अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आला. हे मिशन जुनं. 'ज्ञानोदय' हे मासिक त्यांनीच 1842 मध्ये सुरू केलं. नावात मराठी असलेलं मिशन उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यात उतरलं, याची माझ्यासारख्या दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला जरा गंमत वाटते. नागपाड्यात तेव्हा मुसलमान होते, बगदादी यहुदी होते, हिंदू आणि ख्रिस्ती होते. एका बाजूला कामाठीपुरा, आसपास गिरण्या.

मॅनशार्टच्या शिकागोत जेन अॅडम्स यांनी 1889 मध्ये हल हाऊस काढलं होतं. वस्तीसाठी काम करायचं तर वस्तीतच राहायचं, ही त्यामागची रीत. 1926 साली त्याने त्याच धर्तीवर नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. पाटीवर चर्च नव्हतं, 'शेजार' होता. आरोग्य, शिक्षण आणि खेळ ही तिथली कामं. खेळाला आपण शेवटचा नंबर देतो. पण मुलं आत आली ती बहुधा खेळासाठीच. पुस्तक पाहून आमच्या वर्गात तरी कुणी धावत येत नाही.

पुढे दोराबजी टाटा 1932 मध्ये वारले आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने मॅनशार्टचा सल्ला घेतला. नुसता दानधर्म करून भागत नाही, काम करणारी माणसं तयार करावी लागतात, हे त्याचं म्हणणं ट्रस्टला पटलं. 1936 मध्ये समाजकार्याचं विद्यालय निघालं आणि त्याचे पहिले वर्ग भरले ते नागपाड्याच्या त्याच घरात. विद्यार्थी 20. हेच विद्यालय 1944 पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखलं जातं. देवनारला ते 1954 मध्ये गेलं. म्हणजे देशातल्या समाजकार्याच्या पदवीधर शिक्षणाचा पहिला वर्ग आपल्या मोहल्ल्यात भरला. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे? मला स्वतःला बीएड करतानाही कुणी सांगितलं नव्हतं.

मिशनची जागा, पारशी ट्रस्टचा पैसा आणि मुसलमान-यहुदी घरांतली मुलं. हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. त्या काळात मुंबईत दंगली होत होत्या. मॅनशार्टने 1936 मध्ये हिंदू-मुस्लिम प्रश्नावर पुस्तकच लिहिलं. एका घराने दंगल थांबत नाही.

बदल्यात काय गेलं? नागपाड्याचा दीन गेला नाही. आला मात्र बास्केटबॉल. हा खेळसुद्धा 1891 साली अमेरिकेत वायएमसीएच्या शाळेत जन्मलेला. तो नागपाड्याने असा आपलासा केला की इथला अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि त्याला 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

हे सगळं मी त्या बुजुर्गांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अट घातली : रोज दोन पालक तिथे बसतील, काय शिकवणार ते आधी कागदावर द्यायचं. संस्थेने लगेच मान्य केलं.

शिबिर झालं. मुली कमी आल्या, त्याचं वाईट वाटतं. ते बुजुर्ग पहिले तीन दिवस दारात खुर्ची टाकून बसले होते. चौथ्या दिवशी खुर्ची कॅरमजवळ सरकली आणि राणी कशी काढायची यावर पोरांशी त्यांचा वाद चालला होता.