लोणंदचा मुक्काम

लोणंद हे नाव आपल्या बहुतेक वाचकांनी ऐकलेले असते ते दोन कारणांनी: एक तेथील कांद्याची बाजारपेठ आणि दुसरे पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक. अलीकडे तेथून फलटणकडे जाणारा नवा लोहमार्गही सुरू झाला आहे. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील हे गाव चर्चच्या रचनेनुसार पुणे धर्मप्रांतात मोडते. असे असूनही आम्ही आजवर या गावाविषयी कधी सविस्तर लिहिले नव्हते, ही आमचीच उणीव म्हणावी लागेल. कारण दरवर्षी आषाढीच्या आधी महाराष्ट्रातील एक फार मोठा समाज आपला इतिहास, आपली शिस्त आणि आपल्या आठवणी बरोबर घेऊन या गावात उतरतो. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याचा सातारा जिल्ह्यातील पहिला मुक्काम लोणंदला असतो. पंचांगातील तिथींच्या वाढीघटीप्रमाणे हा मुक्काम कधी एका रात्रीचा, तर कधी दोन रात्रींचा होतो.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी आणि वाल्हे असे मुक्काम करीत नीरा नदीच्या काठी येते. नीरा ही पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. नदी ओलांडल्यावर पाडेगावच्या हद्दीतील दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते. हेच ते प्रसिद्ध नीरास्नान. त्यानंतर सातारा जिल्ह्याच्या वतीने सोहळ्याचे स्वागत होते आणि पुढे काही तासांतच लोणंदचा पालखीतळ गजबजून जातो. नगारखान्याचा गाडा सर्वांत पुढे, त्यामागे दोन अश्व, मग रथापुढच्या सत्तावीस दिंड्या, मधोमध चांदीचा रथ आणि रथामागे पुन्हा दिंड्यांची लांबच लांब रांग. हा क्रम कोणाच्या लहरीवर ठरत नाही. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, तिची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते आणि आपल्या दिंडीचा क्रमांक वारकरी आडनावासारखा सांगतो.

साताऱ्याच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या सोहळ्याला आजचे रूप देणारा पुरुष सातारा जिल्ह्यातलाच होता. सातारा तालुक्यातील आरफळ हे हैबतरावबाबा पवार यांचे गाव. हैबतबाबा आरफळकर याच नावाने वारकरी त्यांना ओळखतात. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी त्यांनी सरदारकी केली. गावाकडे परतताना सातपुड्याच्या डोंगरात लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडले, तेथे ते अखंड हरिपाठ म्हणत राहिले आणि शेवटी त्यांची सुटका झाली, अशी कथा संप्रदायात सांगितली जाते. कथेतील तपशिलांची शहानिशा इतिहासकारांनी करावी. मात्र एवढे निश्चित की बाबा आरफळला संसारात रमले नाहीत. ते आळंदीला जाऊन राहिले आणि ज्ञानेश्वरांच्या सेवेत त्यांनी उरलेले आयुष्य घालविले.

पालखीची परंपरा त्यांच्या आधीही होती. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस देहूहून पालखी काढली आणि त्या पालखीत ज्ञानदेव व तुकाराम या दोघांच्याही पादुका असत. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. लष्करी नोकरीत मुरलेल्या या भक्ताने सोहळ्याला छावणीची शिस्त लावली. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून त्यांनी घोडे आणि तंबू मिळविले. आजही माउलींचा अश्व दरवर्षी अंकलीहून आळंदीपर्यंत पायी आणला जातो. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणावयाचे याची ‘भजनी मालिका’ही बाबांच्याच नावावर आहे. सहज विचार करून पाहावा: सेनापतीचे कौशल्य असलेला माणूस आपले सारे ज्ञान एका निःशस्त्र सैन्याच्या चालण्यासाठी खर्ची घालतो! आपल्याकडे सैनिकी पेशा सोडून संन्यस्त झालेल्या संत इग्नेशियसची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही, पण तुलना फार ताणू नये.

लोणंदच्या तळावर संध्याकाळी होणारी समाज आरती हा या शिस्तीचा सर्वांत पाहण्याजोगा भाग. तशी ती प्रत्येक मुक्कामी होते. परंतु लोणंदच्या मोकळ्या मैदानावर तिचे स्वरूप फार स्पष्ट दिसते. सर्व दिंड्या तंबूभोवती येऊन उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मृदंगाच्या थापेने पायाखालची जमीन हलते आहे असे वाटते. मग चोपदार आपला दंड उंच धरतो, आणि त्या प्रचंड समुदायात एका क्षणात शांतता पसरते. आम्ही पहिल्यांदा हे अनुभवले तेव्हा कानात काही बिघाड झाला की काय, अशी शंका मनाला चाटून गेली.

या शांततेत आधी पुकारल्या जातात त्या हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, कोणाचे पैशाचे पाकीट. सापडलेली वस्तू परत आणून देणाऱ्याच्या दिंडीचा क्रमांक घेतला जातो, तेव्हा त्या दिंडीतील माणसांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहावे. पण याहूनही महत्त्वाची प्रथा दुसरी आहे. चोपदाराने दंड वर केल्यावर सर्वांनी टाळ थांबवावयाचे असतात. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. साऱ्या शांत मैदानात एकाच कोपऱ्यातून टाळ ऐकू येऊ लागला की सर्वांना कळते, त्यांना काही सांगावयाचे आहे. चोपदार त्या दिंडीकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो. क्रमाचा भंग, जागेचा वाद, पाण्याची गैरसोय, जे काही असेल ते मानकऱ्यांपुढे येते आणि निर्णय झाल्यावरच पुढे आरती होते. अन्याय झालेल्या माणसाने आवाज करीत राहावे आणि तो ऐकल्याशिवाय प्रार्थना सुरू करू नये, असा हा दंडक आहे. आमच्या धर्मग्रामांतील सणसमित्यांनी एकदा लोणंदला जाऊन हे पाहून यावे, असे आम्हांला मनापासून वाटते. येशूने डोंगरावरील प्रवचनात वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावयास सांगितले आहे. मिस्साबलीपूर्वी ती ओळ आपण कितीदा आचरणात आणतो?

तथापि, ज्यांच्या हाती टाळच नव्हता, त्यांची तक्रार कोणी ऐकली? हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. हैबतबाबांनी नम्रतेने आळंदीच्या महाद्वाराच्या पायरीखाली आपली समाधी असावी अशी इच्छा धरली. ‘हैबतबाबांची पायरी’ म्हणून ती आजही पूजिली जाते. पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे, तिचा भावही तोच. त्याच महाद्वारासमोर संत चोखामेळ्यांची समाधी आहे. मंगळवेढ्याला कुसू कोसळून मरण पावलेल्या चोखोबांना मात्र मंदिराबाहेरची जागा नम्रतेने निवडावी लागली नव्हती. जिवंतपणी त्यांना आत येऊच दिले नव्हते. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दरवाजे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावेत म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. म्हणजे पालखी लोणंदवरून शंभरहून अधिक वर्षे जात राहिली, तेव्हा तिच्याबरोबर चालणाऱ्या काहींची वाट महाद्वाराशीच संपत होती.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याहून या वारीत चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’ या त्यांच्या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख पुष्कळ वाचकांनी शाळा-कॉलेजात वाचलेला असेल. ज्या भूमीतील लोक पंढरीला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना या वाटेवर सुचली. मात्र त्याच लेखात, एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी वेगवेगळी जेवतात, हे पाहून मनाला झालेला त्रासही त्यांनी लपविला नाही. वारीचे गोडवे गाणाऱ्यांनी लेखाचा पहिला भाग पुष्कळदा सांगितला, दुसरा कमी. आम्हांला हा दुसरा भागच लेखिकेच्या प्रेमाचा खरा पुरावा वाटतो. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी याबाबत बोट दाखविण्याचे कारण नाही. दक्षिणेतील काही चर्चमध्ये जातीनिहाय बाके आणि वेगळ्या दफनभूमी होत्या. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेला दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करावे लागले ते २०१६ साली. आपल्याही घरात कोणीतरी बराच काळ टाळ वाजवीत होते.

या वाटेवर आपल्यातले एक धर्मगुरूही चालले, याची नोंद येथे आवर्जून करावीशी वाटते. फादर गी दल्यूरी हे फ्रेंच येशूसंघीय पुण्यात राहिले, मराठी शिकले आणि वारकऱ्यांबरोबर पंढरीला गेले. त्यांनी तुकारामांचे अभंग फ्रेंच भाषेत नेले. तो ग्रंथ १९५६ साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. विठ्ठलभक्तीवरील त्यांचा इंग्रजी अभ्यासग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रकाशित केला आणि पालखी सोहळ्याच्या अभ्यासकांना आजही तो चाळावा लागतो. ही वर्षे पाहावीत: अन्य धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टींचा आदर करण्यास सांगणारे व्हॅटिकन परिषदेचे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र निघाले १९६५ च्या ऑक्टोबरात. फादर दल्यूरी त्याआधीच आपली वाट चालून मोकळे झाले होते. कादंबरीकार दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तकही १९६४ चे. त्यांचा स्वभाव संशयी, त्यामुळे त्यांची वारी भाविकाची नाही. म्हणूनच ती वाचनीय आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांचाही येथे उल्लेख हवा. ते प्रॉटेस्टंट परंपरेचे. परंतु मराठी ख्रिस्ती माणूस त्यांच्या अभंगांना परके मानत नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मिशनची नोकरी सोडून १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तो साताऱ्यात. त्या काळी पुण्याहून साताऱ्याकडे येणारी आगगाडी लोणंदवरूनच येत असे, आणि आजही येते.

दोन वर्षे मात्र लोणंदचा तळ ओसाड राहिला. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीमुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. वाहन लोणंदच्या परिसरातून गेले असेल-नसेल, पण मुक्काम झाला नाही. ज्या घरांत दरवर्षी ठरलेली दिंडी उतरते, त्या घरांतील वृद्धांना ही गोष्ट फार लागली. कारण लोणंदकर आणि वारकरी यांचे नाते भाड्याचे नाही. आजोबांच्या वेळेपासून अमुक दिंडी अमुक अंगणात उतरते, तिच्यासाठी पिठले-भाकरी व्हायची, पावसात ओट्यावर जागा व्हायची, आणि एखादा म्हातारा वारकरी यंदा आला नाही तर घरची मंडळी त्याची विचारपूस करणार. आपल्याकडे मृतांच्या नोंदवहीत जे लिहून ठेवले जाते, ते येथे माणसे तोंडी सांभाळतात. २०२२ मध्ये वारी पुन्हा चालू लागली तेव्हा न आलेल्यांची संख्या अर्थातच मोठी होती.

मार्गाचे रूपही बदलते आहे. दिवे घाटापासून मोहोळपर्यंतच्या संत ज्ञानेश्वर पालखी महामार्गाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रुंद रस्ता आणि वारकऱ्यांसाठी कडेने पायवाट हे निश्चितच सोयीचे आहे. जुन्या अरुंद रस्त्यावर वाहने आणि दिंड्या यांची होणारी कोंडी जीवघेणी होती. परंतु या कामात जुनी झाडे गेली आणि सावलीच्या ज्या विसाव्यांना नावे होती, त्यांतील काहींची आता केवळ नावे उरतील. मुक्काम हलल्यावर गावात उरणारी घाण हाही लोणंदकरांच्या सहनशीलतेचा विषय. फिरती शौचालये आली तेव्हापासून स्थिती बरीच सुधारली, तरी तळ झाडणाऱ्या सफाई कामगारांचे नाव समाज आरतीत पुकारले जात नाही.

लोणंदहून पालखी निघते ती तरडगावच्या दिशेने. वाटेत चांदोबाचा लिंब नावाचे ठिकाण लागते. तेथे सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभ्या राहतात आणि मध्ये मोकळी वाट सोडतात. पताका घेतलेल्या स्वाराचा घोडा त्या वाटेने धावत जातो आणि त्याच्या मागून दुसरा, ज्याच्या पाठीवर कोणीच बसत नाही. तो माउलींचा. घोडे रथापर्यंत जाऊन परततात, आणि त्यांच्या टापांची धूळ कपाळाला लावण्यासाठी दोन्ही बाजूंची माणसे वाकतात. मग रांगा मोडतात, पुन्हा जुळतात, आणि सत्तावीस क्रमांक आपापल्या जागी परत येऊन तरडगावकडे चालू लागतात.