धातूची संगत : सुवाली ते हजिरा

तापीच्या मुखाजवळील सुवाली इतिहासाच्या अभ्यासकांना १६१२ च्या इंग्रज-पोर्तुगीज लढाईमुळे परिचित आहे. जवळच्याच सुरतेतून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणीतज्ज्ञ १७३६ मध्ये मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे दीर्घायुषी ठरली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते. तेलयुक्त सागवान त्यांना तितका अपाय करीत नाही. धातूचे आयुष्य त्याच्या संगतीवर अवलंबून असते, ते असे.

ब्रिटिश आरमाराने हाच धडा निराळ्या रीतीने घेतला. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवांपासून रक्षण व्हावे म्हणून १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढविण्यात आला. १७६३ च्या तपासणीत तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे झिजलेले आढळले. जेथे मधला तपकिरी कागद शाबूत होता, तेथील खिळे मात्र वाचले होते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस भिडले की विद्युतघट तयार होतो आणि त्यांतील एक झिजतो.

हम्फ्रे डेव्ही यांनी १८२४ मध्ये हेच तत्त्व संरक्षणासाठी योजले. तांब्याला जोडलेले जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे झिजत व तांबे वाचे. तथापि अशी जहाजे समुद्रात गेली तेव्हा त्यांच्या तळावर कवचधारी जीव व शेवाळ माजले, कारण विरघळणारे तांबेच त्यांना दूर ठेवीत होते. परीक्षा धातूची झाली होती, जहाजाची नव्हे.

सुवालीच्या शेजारी हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलासाठी ॲल्युमिनियमच्या वेगवान नौका बांधल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे पातळ कवच आपोआप धरते. पाण्यातील क्लोराइड ते भेदून खोल खड्डे पाडते. तांबेयुक्त रंग येथे घातक ठरतो, आणि डेव्हींच्या जस्ताचे वारस असलेले बलिदानी धातूचे ठोकळे तळाला जोडावे लागतात. मॅग्नेशियमयुक्त सागरी मिश्रधातूचा नमुना ३० अंश सेल्सिअसच्या तीव्र नायट्रिक आम्लात २४ तास बुडवून त्याचे घटलेले वजन मोजतात. ही कसोटी आवश्यकच होय. पण ती केवळ पत्र्याची आहे. शेजारचा पितळी व्हॉल्व्ह, पोलादी बोल्ट आणि वरचा रंग यांसह संपूर्ण नौकेची समुद्रातील तपासणी तिच्याने टळत नाही. नौकेवरील माणसांचे प्राण पत्र्याइतकेच त्याच्या संगतीवरही अवलंबून असतात.